पी.पी. लीलाधर

जळगावहून धुळ्याला निघालेली एस.टी. पारोळ्यात शिरता शिरता एका अंगाला कलली, फुस्स करून बसली, आणि कंडक्टरने जाहीर केलं, "पंक्चर. उतरा. अर्धा तास." एस.टी.चा अर्धा तास केवढा असतो हे ठाऊक असलेली मंडळी निमूट उतरून चहाच्या गाडीकडे गेली. वैजयंती भारंबे तेवढी श्रावणाच्या भुरभुर पावसात उभी राहून चिडली.

तिला चिडायला कारण लागत नाही, असं तिची आई बेबाबाई म्हणायची. ते खरं नव्हतं. कारणं तिला मिळत जायची. आजचं कारण असं, की धुळ्याच्या मावशीकडे आज दुपारी एक मुलगा 'सहज' येणार होता आणि वैजयंतीने तिथे 'सहज' असायचं होतं. याआधी सहज आलेल्या तीन मुलांना तिने नापास केलं होतं. एकाने पगार सांगितला पण कसला ते सांगितलं नाही, दुसऱ्याच्या शिक्षणात दोन वर्षं कुठे गेली ते जुळेना, आणि तिसरा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्या आईकडे बघून देत होता. हे तपासणीचं वळण वडिलांकडून आलेलं. जीवरामभाऊ भारंबे वरणगावच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. अजूनही भाजीवालीची वांगी ते उजेडाकडे धरून बघत.

उशीर होईल म्हणून मावशीला फोन करायला हवा होता. समोरच पाटी दिसली : 'लीलाधर एस.टी.डी. – झेरॉक्स – कॉम्प्युटर – सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.' ती आत शिरली. फोनच्या काचेच्या खोक्यात एक गृहस्थ कुणाच्या तरी बाळंतपणाची हकीकत सुरतेपर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते. ओढणीच्या टोकाने कपाळ टिपत ती थांबली... आणि कोपऱ्यातून आवाज आला.

टुंग.

आपल्या लेकराचं रडणं आईला शंभरांत ओळखू येतं. वैजयंतीने मान वळवली. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तिने केलेला फॉर्म उघडा होता.

हे साल एकोणीसशे नव्व्याण्णव. जळगावच्या ज्या कंपनीत वैजयंती नोकरीला होती, ती केळीची टिश्यू कल्चरची रोपं तयार करायची. कंपनीचे मालक अत्तरदे साहेब नुकतेच पंधरवडाभर अमेरिका बघून आले होते. तिथे सगळं कॉम्प्युटरवर चालतं, हे त्यांनी विमानतळावरच ओळखलं. परत आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं : कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीच्या, रोपांची नोंदणी यंदा फक्त इंटरनेटवर, आणि ज्याला ई-मेल नाही त्याला रोपं नाहीत. खानदेशात त्या वेळी ई-मेल असलेली माणसं एका टेम्पोत मावली असती. पण साहेबांना ते सांगणार कोण? वैजयंतीने फॉर्म केला, आणि वडिलांची मुलगी असल्यामुळे प्रत्येक चौकटीवर पहारा बसवला. पत्त्यात ॲटचं चिन्ह नसेल तर टुंग. पुढे डॉट नसेल तर टुंग. मधे मोकळी जागा सुटली तरी टुंग.

टुंग.

"आते काय ऱ्हायनं रे?" कॉम्प्युटरपुढच्या बाकावर बसलेले पांढऱ्या टोपीचे म्हातारे म्हणाले. "नाव सांगं, गाव सांगं, बठ्ठं सांगं."

"नाना, तो म्हणतो तुमचा पत्ता खोटा आहे," कीबोर्डवरचा तरुण म्हणाला.

"खोटा? मी आठे बठेल शे आनि हाई डबडं म्हणस मी खोटा शे?" सुकदेवनानांनी टोपी काढून स्क्रीनला आपला चेहरा नीट दाखवला. "दखाड त्याले."

तरुणाने स्वतःचेच केस ओढले. सावळा, उंच, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. आणि चिडला तरी हसल्यासारखा दिसणारा चेहरा. असा चेहरा वैजयंतीला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटायचा.

"हा फॉर्म ज्याने केलाय ना नाना, तो मला एकदा भेटायला पाहिजे."

"भेटला तर काय कराल?" वैजयंतीने विचारलं.

त्याने वळून बघितलं. म्हणजे, बघायला सुरुवात केली आणि थांबवायचं विसरला.

"चहा पाजीन," तो म्हणाला. "इतका संशयी माणूस... त्याला घरी कोणी धड चहा देत नसणार."

"आणि ती बाई असली तर?"

"तर... दोन पाजीन."

वैजयंतीचे कान तापले. ती पुढे झाली आणि स्क्रीनवर बोट ठेवून, शिक्षिका गणित दाखवतात तशा आवाजात म्हणाली, "इथे मोकळी जागा सोडलीय. चालत नाही. आणि हे शेवटी काय लिहिलंय? पी.पी. सुकदेवनाना?"

"मग? पत्ता माझा आहे. लीलाधर, जिलेबी, आणि पुढे ती फुकट पत्ते वाटणारी कंपनी."

"जिलेबी?"

"ते गोल चिन्ह हो. ॲट म्हटलं की नाना 'आठे', म्हणजे 'इथे', समजून इकडेतिकडे बघतात. जिलेबी म्हटलं की कळतं. तर पत्ता माझा, पण निरोप नानांचा. म्हणून पी.पी."

पी.पी. म्हणजे नेमकं कशाचं लघुरूप, हे त्या काळात कुणालाच सांगता आलं नसतं, आणि अर्थ मात्र लहान पोरालाही कळायचा. ज्याच्या घरी फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे लिहायचा पी.पी. लग्नपत्रिकेवर पी.पी., दुकानाच्या पाटीवर पी.पी. शेजारी पळत जाऊन हाक मारायचा, 'फोन आलाय, चला!' आणि माणूस हात धुवायच्या आत धावायचा. पारोळ्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा गावांचा शेजारी म्हणजे लीलाधर बोरसे.

"फोनला पी.पी. चालतं," वैजयंती म्हणाली. "ई-मेलला नाही चालत."

"का नाही चालत?"

"कारण..." ती अडली. कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. "कारण नियम आहे."

"नियम कोणी केला?"

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. अर्धा तास चक्क अर्ध्या तासात संपला होता. फोन राहूनच गेला. वैजयंती दारापर्यंत गेली, थांबली, आणि मागे न बघता म्हणाली, "मी. फॉर्म मीच केलाय. चहा राहू द्या."

तरी बसच्या खिडकीतून तिने एकदा बघितलंच. तो दारात उभा होता, पावसात, आणि एका हाताची दोन बोटं वर करून दाखवत होता. दोन.

धुळ्याला पोचेपर्यंत सहज आलेला मुलगा सहज निघून गेला होता. वैजयंतीला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही, आणि मावशीने ते बहिणीला फोन करून कळवलं.

---

सोमवारी ऑफिसात तिने नोंदणी उघडली. पारोळ्याकडून वीसेक नोंदी. सुकदेव, हिलाल, चिंधा, भिकुबाई... सगळ्यांचा ई-मेल एकच. लीलाधर जिलेबी. मोकळी जागा सोडायची नाही एवढं तो शिकला होता, त्यामुळे टुंग झालं नव्हतं.

अत्तरदे साहेब मागून डोकावले. "काय हो भारंबे, वीस लोकांचा एक पत्ता? अमेरिकेत असं असतं का?"

अमेरिकेत कसं असतं हे वैजयंतीला माहीत नव्हतं, आणि साहेबांनाही फारसं नव्हतं. पण पगार ते देत होते. तिने नवा नियम घातला : एक पत्ता एकदाच. त्या नोंदी परत पाठवल्या आणि पाटीवर वाचून पाठ झालेला तो नंबर फिरवला. पाठ का झाला, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"लीलाधर एस.टी.डी."

"जळगावहून भारंबे बोलतेय. प्रत्येकाचा वेगळा पत्ता पाहिजे. वेगळा म्हणजे वेगळा."

"दोन चहावाल्या का?"

"ऐकलंत का मी काय म्हणाले?"

"ऐकलं. प्रत्येकाचा वेगळा. पण मॅडम, भिकुबाईंच्या घरी लाईट नाही, तिथे मेल कुठून येईल?"

"तो माझा प्रश्न नाही."

"मग नियम कसा तुमचा?"

तिने फोन ठेवला. जरा जोरातच ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्यांचे पत्ते वेगळे! सुकदेव ॲट सुकदेव डॉट कॉम. हिलाल ॲट हिलाल डॉट कॉम. भिकुबाई ॲट भिकुबाई डॉट कॉम. भिकुबाईंनी रातोरात अमेरिकन कंपन्यांसारखं स्वतःचं संस्थान उभारलं होतं. आणि फॉर्म? फॉर्मने हूं की चूं केलं नव्हतं. ॲट आहे, डॉट आहे, मोकळी जागा नाही. पुढे जा!

वैजयंतीने डोक्याला हात लावला. मग तिने या सगळ्या नोंदी अडकवल्या आणि पारोळ्यापुरती टुंगच्या चौकटीतली ओळच बदलली. पारोळ्याहून पुढचा फॉर्म भरला गेला तेव्हा स्क्रीनवर आलं : 'हे पत्ते खोटे आहेत, लीलाधर.'

उत्तर यायला वेळ लागला नाही. नोंदणीत एक नवी नोंद आली. नाव : चिंधा. गाव, तालुका, रोपं, सगळं बरोबर. ई-मेल : रागआलाका ॲट कुठेतरी डॉट कॉम.

नियमात बसत होतं. ॲट एक, डॉट एक. फॉर्मने ते गपगुमान घेतलं होतं. वैजयंती खुर्चीत मागे टेकली आणि शेजारच्या टेबलावरच्या लताबाईंना ऐकू जाईल इतकं हसली. मग आपण हसलो हे कळल्यावर तिने तातडीने चिडून घेतलं.

चौकटीत नवी ओळ : 'हो. आला.'

ई-मेल : कायकरू ॲट सांगा डॉट कॉम.

'खरे पत्ते भरा.'

ई-मेल : खराएकचआहे ॲट माझा डॉट कॉम.

एखाद्या दिवशी पारोळ्याची नोंद आली नाही की ती टेलिफोन खात्यावर चिडायची. आली की लीलाधरवर चिडायची. लताबाई नाकावरचा चष्मा खाली घेऊन म्हणाल्या, "वैजू, तुझं हल्ली चिडण्यात लक्ष नाही."

भाद्रपद सरत आला तेव्हा एक नोंद आली : पुन्हाकधीयेणार ॲट पारोळा डॉट कॉम.

तिने ती बराच वेळ बघितली. टुंगच्या चौकटीत काय लिहावं... लिहिलं, पुसलं... पुन्हा लिहिलं. शेवटी काहीच लिहिलं नाही. आणि त्या भरात एक वेडेपणा केला. लीलाधर काही ऐकत नाही, साहेबांना यादी हवीय, असं म्हणून ते सुकदेव डॉट कॉम, भिकुबाई डॉट कॉम जसेच्या तसे मंजूर करून टाकले. फॉर्मच्या दृष्टीने एकही चूक नव्हती.

---

रोपं तयार झाली. साहेबांनी हुकूम दिला : प्रत्येकाला ई-मेल पाठवा, रोपं न्यायची तारीख कळवा, आणि येत्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत ज्याचं उत्तर येणार नाही, त्याची रोपं रावेरच्या लोकांना द्या. रावेरकर रांग लावून उभेच होते.

वैजयंतीने मेल पाठवले. पारोळ्याचे सगळे परत आले. एकामागून एक, उंबऱ्यावरून हाकलल्यासारखे. असा कोणी इथे राहत नाही. अशी जागाच नाही. एक तेवढा परत आला नाही. दुबईतल्या कुणा खऱ्याच हिलालचा तो पत्ता निघाला आणि त्याने नम्रपणे विचारलं होतं, की पाचव्या मजल्याच्या गॅलरीत केळीची तीन हजार रोपं मावतील का?

ती हसली नाही. तिने फोन उचलला.

"लीलाधर एस.टी.डी."

"परत आले. सगळे."

"काय परत आलं?"

"मेल. रोपांच्या तारखेचे. शनिवारी पाचपर्यंत उत्तर नाही आलं तर रोपं रावेरला जाणार आहेत."

"तारीख मेलवर कळवणार होते?" त्याचा आवाज पहिल्यांदाच हसल्यासारखा नव्हता. "मला वाटलं... फोन येईल. मॅडम, आजवर तहसिलीपासून बँकेपर्यंत किती फॉर्म भरले मी. प्रत्येक चौकट भरायची असते एवढंच सगळीकडे बघितलं. त्यातलं कोणी कधी खरंच वापरतं, हे कुठे ठाऊक होतं?"

"म्हणून खोटं भरायचं?"

"खरं भरलं होतं! पहिल्या दिवशी. तुम्ही परत पाठवलंत!"

"एका पत्त्यावर वीस माणसं!"

"मग वीस माणसं माझ्याच पत्त्यावर आहेत, त्याला मी काय करू? नानांनी बोअर खणली, जमीन नांगरून ठेवली. पहिल्यांदा केळी लावतायत. 'लीलाधर शे ना, मंग झालं' एवढं म्हणून गेले ते घरी. माझ्या हातून आजवर एक निरोप चुकलेला नाही, भारंबे मॅडम. एक नाही."

तिला खूप बोलायचं होतं. मंजुरी तिने दिली होती, हेही बोलायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "तुमचा तो पत्ता... तो तरी खरा आहे?"

"तुम्ही एकदा तरी त्यावर लिहून बघितलंत?"

नव्हतं बघितलं. इतके नियम घातले, ॲट मोजले, डॉट मोजले, आणि पत्त्यावर कोणी राहतं का हे बघायला साधी हाक मारून बघावी, हे वडिलांच्या लेकीला सुचलं नव्हतं. भाऊ वांगं उजेडाकडे धरत, पण शेवटी चिरून बघत.

ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"पी.पी.?" साहेब म्हणाले. "भारंबे, आपण एकविसाव्या शतकात चाललोय."

"साहेब, तुमच्या गावी घरात फोन येण्याआधी तुमचे निरोप कुठे यायचे?"

"पिठाच्या गिरणीत." साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. "निंबा गिरणीवाला. मला नोकरी लागल्याचा निरोप त्यानेच आणला होता. पिठाने पांढरा झालेला, पळत पळत... आईला वाटलं भूत आलं."

"गिरणीचा तो नंबर खोटा होता का?"

साहेबांनी अमेरिकेतून आणलेलं पेन टेबलावर फिरवलं. "शनिवार पाच," ते म्हणाले. "एक मिनिट पुढे नाही. आणि उत्तर ज्याचं त्याचं पाहिजे. तुमच्या त्या लीलाधरने सगळ्यांच्या वतीने 'हो' लिहून पाठवलं तर चालणार नाही."

'तुमच्या त्या' या शब्दांवर वैजयंतीने चिडायला हवं होतं. ती विसरली.

तिने 'एक पत्ता एकदाच' हा आपला नियम खोडला आणि एक नवी चौकट जोडली : पी.पी. मग प्रत्येकाच्या नावाने वेगळा मेल लिहून, उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं ही अट घालून, हिलालच्या मेलात दुबईची हकीकतही टाकून, सगळे एकाच पत्त्यावर धाडले. त्यातला एकही परत आला नाही. आणि हे कळवायला पारोळ्याला फोन लावला, तर लाईन मेलेली.

पुन्हा लावला. मेलेली. पारोळ्यात रस्ता रुंद करायला खणताना फोनची केबल तोडलीय, असं एक्स्चेंजने सांगितलं; कधी जोडणार विचारल्यावर, "जोडली की कळेल," असंही सांगितलं.

शुक्रवार कोरडा गेला. मॉडेमचं ते घशात मासा अडकल्यासारखं ओरडणं ऐकून ती कनेक्शन जोडायची, बघायची, तोडायची. शनिवारी जेवणाची सुट्टी झाली. रावेरचा एक माणूस स्वागतकक्षात टेम्पोची चौकशी करत बसला होता. वैजयंती टेलिफोन खात्यावर चिडली, रस्त्यावर चिडली, टेम्पोवर चिडली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

तीनच्या सुमारास मॉडेम किंचाळला आणि पहिला मेल उतरला.

'चिंधा सांगस : रोपं लेवाले मी सोता येसू. गाडी शे.'

मग दुसरा. 'हिलाल : दुबईवाला मी नही. मी आठलाच शे.' मग तिसरा, चौथा... प्रत्येक वेगळा, प्रत्येकाच्या तोंडचा. भिकुबाईंनी विचारलं होतं, रोपं सावलीत ठेवायची का उन्हात. आणि जो कोणी लिहून घेत होता त्याने पुढे कंसात टाकलं होतं : 'माझ्याकडे बघून विचारतायत, जसं मला माहीतच आहे.' मेल धुळ्याहून येत होते. पारोळ्याची लाईन मेल्यावर हा माणूस धुळ्याला जाऊन मेल उतरवून आणत होता, जुन्या एम-एटी दुचाकीवर गावोगाव फिरून ज्याचं त्याला वाचून दाखवत होता, ज्याचं त्याच्याकडून उत्तर घेऊन पुन्हा धुळ्याला जात होता.

पाचला थोडा अवकाश असताना शेवटचा उतरला.

'पोरी, मी सुकदेव. मी जित्ता शे, खरा शे. रोपं धाडी दे. हाऊ लीलाधर बठ्ठा गावेसमा फिरना, त्याले जेवाले बी टाईम नही भेटना. मी त्याले म्हणं, त्या पोरीले तुनं काही सांगनं शे ते बी लिखी टाक. लाजस. तूच विचार त्याले.'

खाली लीलाधरची ओळ होती : 'नाना म्हणाले, तसंच्या तसं लिही. लिहिलं. नियम.'

साहेबांनी सगळे मेल वाचले. भिकुबाईंचा दोनदा वाचला. मग रावेरच्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

सगळे गेल्यावर वैजयंती कॉम्प्युटरपुढे बसली. तिने त्या पत्त्यावर एकच ओळ लिहिली. या वेळी कुणाच्याच नावाने नाही.

'हा पत्ता खरा असेल तर उत्तर द्या. – वैजयंती.'

आणि पाठवला. पाठवल्यावर तो परत घ्यायची सोय नसते, हे तिला त्या क्षणी फार तीव्रतेने आठवलं.

---

रविवारी सकाळी ऑफिसला सुट्टी. मेल बघायची सोय नाही. वैजयंती सकाळपासून घरात भांडी आपटत होती.

"तुले झालं तरी काय?" बेबाबाई म्हणाल्या. "आज तर कोणी पाहाले बी येत नाही!"

दहाच्या सुमारास दार वाजलं. भाऊंनी उघडलं. बाहेर भुरभुर पाऊस, आणि पावसात केसांपासून चपलांपर्यंत भिजलेला एक उंच तरुण. कडेला एम-एटी टेकवलेली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणि टेलिफोन डिरेक्टरीतून उतरवलेल्या पत्त्याची चिठ्ठी.

"कोण?" भाऊंनी चष्म्यावरून विचारलं.

"लीलाधर बोरसे. पारोळा."

"काय काम?"

"निरोप आहे."

"कोणाचा?"

खिशावरचा शाईचा डाग त्याने उगाच हाताने झाकला.

"माझाच."

आत वैजयंतीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. ती दाराशी आली, आणि इतका वेळ साठवलेली सगळी चीड एका वाक्यात बाहेर पडली.

"मेलचं उत्तर मेलने द्यायचं असतं! एवढ्या पावसात... पारोळ्याहून... मेल पाठवायला काय झालं होतं?"

"गावाचे निरोप मेलने पाठवतो मी," लीलाधर म्हणाला. "फोनने पाठवतो, गाडीने पाठवतो. पण हा... हा पी.पी. नाही, वैजयंती. ज्याचा त्यानेच द्यायचा असतो."

त्याने वर्तमानपत्राचा पुडा पुढे केला. तो उघडला तर आत जिलेब्या. भिजलेल्या, थोड्या मोडलेल्या. बेबाबाईंना काही कळेना. वैजयंतीने मात्र ओढणी तोंडावर धरली, आणि तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाही ठरवता येत नाहीये.

भाऊ मागे सरले नाहीत, पुढेही आले नाहीत. बोरसे म्हणजे आपल्यातले नव्हेत, हा हिशोब त्यांच्या कपाळावर स्पष्ट मांडलेला दिसत होता. त्यांनी लीलाधरला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग जरा बाजूला सरकवून उजेडाकडे उभं केलं आणि पुन्हा न्याहाळलं.

"आत या," शेवटी ते म्हणाले. "बसा. बेबा, चहा टाक."

"दोन टाक आई," वैजयंती म्हणाली. "त्यांना दोन लागतात."

"तीनच्या तीन मुलं हिने नापास केली," भाऊ लीलाधरला म्हणाले. त्यात तक्रार होती की कौतुक, हे त्यांच्या खात्यात कधीच कळत नसे. "मीही सहजासहजी कोणाला पास करत नाही. मी पारोळ्याला येईन. चौकशी करीन. चार माणसांना विचारीन."

"या ना," लीलाधर म्हणाला. "कोणालाही विचारा. सगळे माझ्याकडेच निरोप ठेवतात."

भाऊंनी घसा साफ केला. "वैजू, कागद घे. यांचा पत्ता लिहून घे."

वैजयंती जागची हलली नाही.

"पाठ आहे, भाऊ," ती म्हणाली.